गोल्फचा सेट लाखाचा म्हणतात, मग नगरच्या माणसाने आयर्न घ्यायचे तरी कसले?

नगर आणि गोल्फ हे दोन शब्द एका वाक्यात आले की समोरचा म्हणणार, तो साहेब लोकांचा खेळ. यात अगदीच खोटं काही नाही. भारतात गोल्फ रुजला तो इंग्रजांच्या क्लबांत आणि लष्करी छावण्यांत. नगर तर रणगाड्यांचं गाव. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथलंच. पण लष्करी हद्दीत चालतात ते लष्कराचे नियम, त्यामुळे बाकीच्यांची वाट पुण्याकडे जाते. नगर रस्त्याने पुण्यात शिरलं की येरवड्याला पूना क्लबचा गोल्फ कोर्स आहे. अंतर साधारण १२० किलोमीटर. (नाशिकला ‘गोल्फ क्लब मैदान’ आहे हे ऐकून तिकडे जाऊ नका. ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथे खेळतात क्रिकेट.)

तरीही खेळणारे आहेत. फौजेतून रिटायर झालेले आहेत, सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करताना साहेबासोबत एकदा रेंजवर जाऊन नाद लागलेले आहेत, पुण्यात आयटीत असलेली नगरची पोरं आहेत. या सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. मोठ्या कंपनीच्या नव्या आयर्नचा सेट लाखाच्या आसपास जातो. मग एकतर नाद सुटतो, नाहीतर ऑनलाइन ‘स्वस्तात मस्त’ काहीतरी मागवलं जातं आणि पैसे पाण्यात जातात.

आधी आयर्न म्हणजे काय ते बघू. लांब फटक्याला जाड डोक्याचा ड्रायव्हर, भोकाजवळ पटर आणि मधल्या सगळ्या अंतरांसाठी आयर्न. त्यांच्यावर आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका चेहरा जास्त तिरका, चेंडू जास्त उंच आणि कमी लांब. या तिरकेपणाला लॉफ्ट म्हणतात. नऊच्या पुढे येतो पिचिंग वेज.

आता खरी गोम इथे आहे. आकडा हे काही सरकारी माप नाही. जुन्या सेटमध्ये ७ नंबरचा लॉफ्ट ३५-३६ अंशांच्या घरात असायचा. आज लांब जाणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सेटमध्ये तोच ७ नंबर २८ ते ३० अंशांचा असतो. म्हणजे जुना ६ किंवा ५ नंबर, फक्त वर आकडा ७ चा. दुकानात तो मारला की चेंडू दहा-पंधरा यार्ड पुढे जातो, आपण खूष आणि दुकानदारही खूष. त्रास पुढे सुरू होतो. अशा सेटचा पिचिंग वेज ४३ अंशांच्या आसपास येतो आणि सँड वेज असतो ५६ चा. मध्ये १३ अंशांचं भगदाड. साधारण ४ अंशांना एक क्लब धरला, तर इथे दोन क्लब कमी पडतात. म्हणजे ते वेगळे विकत घ्या. स्वस्त पडलेला सेट असा महाग होतो. म्हणून सेट घेताना ‘सात नंबर किती लांब जातो’ हे विचारण्याआधी ‘पिचिंग वेजचा लॉफ्ट किती’ हे विचारायचं. कंपन्या ही माहिती वेबसाइटवर देतात, अगदी जुन्या मॉडेलचीसुद्धा बहुतेक वेळा सापडते.

दुसरा मोहाचा शब्द म्हणजे ‘फोर्ज्ड’. लोखंड ठोकून घडवलेला, पातळ पात्याचा ब्लेड आयर्न. दिसायला देखणा, बड्या खेळाडूंच्या बॅगेत शोभणारा. पण तो मधोमध लागला तरच गोड लागतो, जरा कडेला लागला की हात झिणझिणतो आणि चेंडू भलतीकडे जातो. नवशिक्याला हवा कॅव्हिटी बॅक, म्हणजे मागून पोकळ आणि कडेला वजन असलेला. डोंबारी दोरीवरून चालताना हातात आडवी लांब काठी धरतो ना, तेच तत्त्व. वजन मधून काढून टोकांकडे नेलं की वस्तू सहज फिरत नाही. त्यामुळे फटका चुकीच्या जागी बसला तरी चेहरा कमी वळतो. ही कल्पना लोकांच्या बॅगेत पोचवण्यात मोठा वाटा कार्स्टन सोल्हाइम यांचा. ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते, त्यांनी १९५९ मध्ये पिंग सुरू केली. त्यांचा ‘आय टू’ हा आयर्न १९८० च्या दशकात तुफान चालला. सांगायचा मुद्दा, या तंत्राला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. त्यामुळे आठ-दहा वर्षं जुना कॅव्हिटी बॅक आणि यंदाचा, यात हौशी माणसाच्या खेळाला जाणवेल असा फरक फार थोडा असतो. किमतीत मात्र मोठा असतो.

म्हणून माझं सरळ मत, जुनाच घ्या. आणि पूर्ण घेऊ नका. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, पण कमीत कमी किती याला नियम नाही. पूर्वी लोक हाफ सेटवर वर्षानुवर्षं खेळायचे, एक सोडून एक. ५, ७, ९ किंवा ६, ८ आणि पिचिंग वेज. सोबत सँड वेज आणि पटर. तीन आणि चार नंबरचे लांब आयर्न नवशिक्याला उचलतच नाहीत, ते घेऊन बॅगेचं वजन वाढवण्यात अर्थ नाही. नवीनच हवं असेल तर डेकॅथलॉनचा इनेसिस ब्रँड बड्या नावांपेक्षा बराच स्वस्त पडतो.

शाफ्ट म्हणजे दांडा. इथे मराठी माणूस हमखास मर्दानगी मध्ये आणतो आणि ‘स्टिफ’ घेतो. ७ नंबर जेमतेम १३० यार्ड जात असेल तर ‘रेग्युलर’ पुरे. स्टीलचा दांडा साधारण १०० ते १२० ग्रॅमचा, ग्रॅफाइटचा ६० ते ८० चा. पन्नाशी ओलांडलेल्या किंवा खांदा-कोपर दुखणाऱ्या माणसाने ग्रॅफाइट बघावा. उंची कमी असेल तर क्लब कापून घ्यायची घाई नको, कापल्यावर दांडा ताठर होतो आणि डोकं हलकं लागतं. आधी ग्रिप थोडी खाली धरून बघा. क्लब आपल्याला बसतो का, हे तपासायला फुकटची युक्ती आहे. चेंडूवर मार्करने जाड रेष ओढा, ती उभी राहून क्लबकडे येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. चेहऱ्यावर रेष उभी उमटली तर ठीक, तिरकी उमटली तर क्लबचा कोन आपल्याला बसत नाही.

जुना सेट हातात आला की क्लब नंबरप्रमाणे शेजारी शेजारी उभे करा. लांबी पायरीपायरीने, साधारण अर्ध्या इंचाने कमी व्हायला हवी. एखादा मध्येच बुटका निघाला तर तो कापलेला किंवा बदललेला आहे. दांडा टेबलावर लोळवून वाक बघा, डोकं हलवून खडखड ऐका, सांध्याजवळचा गंज बघा. चेहऱ्यावरच्या खाचांतून नख फिरवा, अडकलं पाहिजे. ग्रिप कडक झाली असेल तर भाव पाडा, पण सौदा मोडू नका. ग्रिप ही सायकलच्या टायरसारखी बदलायचीच वस्तू आहे.

बनावट मालाचं दुखणं मोठं आहे. नावाजलेल्या ब्रँडचा नवाकोरा सेट चौथाई किमतीत कुणी देत असेल तर समजून जा. लोहचुंबक लावून बघा. बहुतेक अस्सल आयर्न स्टीलचे असल्याने चुंबक धरतो, हलक्या जस्ताच्या मिश्रणाचे धरत नाही. हा फक्त इशारा समजा, पुरावा नाही. अनेक सेटमध्ये एखाद्या क्लबच्या मानेवर सिरियल नंबर असतो, तो कंपनीला मेल करून विचारता येतो.

सगळ्यात भरवशाचा रस्ता मात्र कॅडींमधून जातो. कोणता मेंबर सेट बदलतोय, कुणाचे क्लब वर्षभर हातही न लावता पडलेत, हे त्यांना आधी कळतं. खेळही त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच सुरू झाले होते. मुंबईत चेंबूरला कॅडी आणि वस्तीतली पोरं बांधकामाची सळई वाकवून केलेल्या क्लबने गल्लीबोळात प्लॅस्टिकचा चेंडू मारायची. तेव्हा ओळख काढा, क्लब रेंजवर चार फटके मारून बघा आणि मगच पैसे द्या. उरलेले पैसे रेंजच्या चेंडूंच्या बादल्यांना, दोन-चार शिकवण्यांना आणि नगर-पुणे पेट्रोलला लागणारच आहेत.