सावली बघून लावलेलं सोलर

सकाळी नऊ वाजता ताईचा मुलगा गच्चीवर उकिडवा बसून पाण्याच्या टाकीच्या सावलीभोवती खडूने रेघ ओढत होता. दर तासाला एक रेघ. दुपारी चारपर्यंत चायना मोझॅकच्या पांढऱ्या फरशीवर टाकीच्या आठ सावल्या उमटल्या आणि शेजाऱ्याच्या जिन्याच्या खोलीच्याही आठ. त्यांच्यामध्ये जी जागा दिवसभर कोरी राहिली, तेवढीच आमच्या कामाची होती.

ताईचं घर सुरतेत, डिंडोलीला. बारा फूट रुंद, चाळीस फूट लांब, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. २०२४च्या डिसेंबरात मी मुद्दाम अमळनेरहून गाडीत बसून उधन्याला उतरलो, कारण सोलर बसवायचं ठरलं होतं आणि वर्षातली सगळ्यांत लांब सावली याच दिवसांत पडते. सुरतेत २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. म्हणजे वस्तू जेवढी उंच, तेवढीच तिची सावली लांब. या दिवसांत जिथे सावली येत नाही, तिथे एरवीही दुपारची सावली फारशी पोचत नाही. आणि इथली भर दुपार घड्याळात बाराला होत नाही. सुरत इतकी पश्चिमेला आहे की या दिवसांत साडेबारा उलटून गेल्यावर सूर्य सगळ्यांत उंच येतो. विकायला आलेल्या माणसाने मोबाइलवर उपग्रहाचं चित्र दाखवून दोन मिनिटांत जागा ठरवली होती, ती नेमकी टाकीच्या सावलीत निघाली. पॅनेल एकामागोमाग एक माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली आली तर तोटा त्या एकापुरता राहत नाही, अख्ख्या माळेच्या विजेत खोट येऊ शकते. म्हणून माझं ठाम मत आहे की सोलर घेणाऱ्याने पहिला खर्च खडूवर करावा.

डिंडोली, गोडादरा, लिंबायत, उधना या भागांत अहिराणी ऐकत ऐकत चालता येतं. खानदेशातली माणसं इथे लूमवर कामाला आली आणि इथलीच झाली. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि सुरत, चारही गावं २१ अक्षांशाच्या आसपास बसतात. गाव सुटलं तरी डोक्यावरचं ऊन गावचंच राहिलं.

या घराला त्या उन्हाची दुखरी बाजू चांगली ठाऊक होती. दाजी लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करतात, पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रात्रीची. रात्रपाळीहून सकाळी आठला आले की वरच्या खोलीत झोपतात, आणि त्या खोलीवर थेट स्लॅब. एप्रिल-मे महिन्यांत अकरा वाजल्यापासून पंखा गरम वाराच फेकतो. ताईने कूलर घेतला, ओली गोणपाटं टाकून पाहिली. दाजी चार तासांच्या वर झोपलेत असं उन्हाळ्यात क्वचितच झालं. दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या झोपेचा विचार घर बांधताना कुणीच करत नाही, हे मला फार लागतं.

पॅनेल किती उंचीवर बसवायचे, यावर घरात खरा वाद झाला. खाली बसवले तर लोखंड कमी लागतं, पैसे वाचतात. पण ताईच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली आजी म्हणते, त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मंग बिबडा कोठे टाकू मी?" चैत्र-वैशाखात पहाटे ज्वारीचा घाटा शिजवून जुन्या साडीवर बिबडे घालायचे, ही त्यांची वर्षाची बेगमी. पोरांना उत्तराणीच्या पतंगांची काळजी. सुरतेत १४ जानेवारीला गच्ची नसणं म्हणजे सणच नसणं. शेवटी पुढून सहा आणि मागून आठ फूट उंचीचा सांगाडा ठरला, म्हणजे खालून माणसाला वावरता येईल. जादा पैसे गेले. योग्य ठिकाणी गेले.

काम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी पायांचं. मोझॅकमध्ये थेट भोकं पाडून पाय ठोकले की पहिल्याच पावसाळ्यात त्या भोकांतून पाणी स्लॅबमध्ये उतरतं. म्हणून पायांखाली काँक्रीटचे ठोकळे ओतून घेतले आणि भोवतीचा सांधा वॉटरप्रूफिंगने भरला. दुसऱ्या दिवशी एक जण वेल्डिंगचं मशीन घेऊन जिना चढू लागला, तेव्हा दाजींनी त्याला तिथेच थांबवलं. पाइपावर जस्ताचा जो थर असतो, तो वेल्डिंगच्या आचेने जळतो, आणि गंज बरोबर त्याच डागावरून सुरू होतो. समुद्र जवळ, पावसाळा लांब, गिरण्यांची हवा. इथे सगळं नट-बोल्टनेच जोडलेलं हवं. यंत्रावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

पॅनेल सहा, प्रत्येकी ५४० वॅटचे, एकेकाचं वजन तीस किलोच्या घरात. अरुंद जिन्यातून वळेनात, म्हणून गल्लीतून दोराने वर ओढले. शेजारची चार पोरं खालून हात देत होती. तीन-तीनच्या दोन रांगा बसल्या, तेव्हा बारा फुटांत दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागाही उरली नाही. अर्थिंगच्या वेळी कामगारांनी सगळ्या तारा एकाच खड्ड्यात सोडायला घेतल्या. खड्डे तीन लागतात, पॅनेलचा वेगळा, घरच्या बाजूच्या विजेचा वेगळा आणि वीजरोधकाचा वेगळा. उन्हात सहा पॅनेलच्या माळेत तीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि ऊन आहे तोवर तो बटणाने मरत नाही. इथे घासाघीस करू नये.

खर्च दीड लाखाच्या वर गेला. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किंवा त्यापुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ते नंतर खात्यात जमा झालं. वीज कंपनीने दोन्हीकडची मोजदाद ठेवणारं मीटर बसवलं. चांगल्या उन्हात दिवसाला बारा-तेरा युनिट होतात, श्रावणात त्याच्या निम्मेही होत नाहीत. लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं, आणि पहिल्यांदा असं झालं तेव्हा घर हिरमुसलं. पण ते बंद पडायलाच हवं. खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात आपल्या गच्चीवरची वीज जाता कामा नये.

पॅनेल धुण्याचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं. उतार कमी ठेवला आहे, वाऱ्यासाठी, त्यामुळे धूळ आपोआप घसरत नाही. खालच्या कडेला चौकटीचा ओठ असतो, तिथे बोटभर चिखलाची पट्टी साचते. या भागात धुळीत लूमचा बारीक तंतू आणि गिरण्यांच्या धुराड्यांची काळी रजही असते. आजी ऊन चढायच्या आत स्टुलाशेजारी उभ्या राहतात आणि नातवाकडून लांब दांडीच्या मऊ फडक्याने पुसून घेतात. साबण नाही, बोअरचं पाणी तर मुळीच नाही, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. दोन बादल्या नळाचं पाणी पुरतं, आणि ते ओघळून कढीपत्त्याच्या कुंडीत जाईल अशी त्यांनी कुंडीच हलवली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. त्या दिवसांत सुरतेत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीला सावली उरत नाही. डिसेंबरात पॅनेलची सावली उत्तरेला सरकलेली होती. आता ती थेट खाली, दाजींच्या खोलीवरच्या स्लॅबवर चौकोनी पडली होती. मी अनवाणी पाऊल ठेवून पाहिलं. सावलीबाहेर क्षणभरही टेकवत नव्हतं, सावलीत उभं राहता येत होतं. दक्षिणेच्या कडेला उन्हाच्या पट्ट्यात साडीवर बिबडे वाळत होते. खाली दुपारीच वॉशिंग मशीन लावलेलं, कारण आता इस्त्री, मोटर, मिक्सर सगळं उन्हाच्या वेळेत उरकतात.

नातू बिबड्यांवरचे कावळे हाकलायला धावला, तशा आजी जिन्यातून दबक्या आवाजात ओरडल्या, "हळू चाल रे, तो निजेल शे."