दोन मोकळे बाइट

इथरनेटवरून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या तोंडाशी १४ बाइट असतात: सहा घेणाऱ्याच्या पत्त्याचे, सहा पाठवणाऱ्याच्या आणि दोन आत काय आहे ते सांगणारे. १४ ला चारने भाग जात नाही. एवढ्याशा कारणावरून धडधाकट यंत्रं कोसळतात!

या चौदांच्या मागोमाग आयपी हेडर येतं आणि त्यातले पत्ते चार-चार बाइटचे. स्पार्क, अल्फा, मिप्स या घराण्यांतल्या प्रोसेसरांचा दंडक असा, की चार बाइट एका दमात वाचायचे तर मेमरीतल्या त्यांच्या जागेला चारने भाग गेलाच पाहिजे. पॅकेट बफरच्या सुरुवातीपासून उतरवलं, की हेडर चौदाव्या जागी पडतं, प्रोसेसर हटून बसतो आणि कर्नल मान टाकू शकतो. इंटेलचे नेहमीचे प्रोसेसर मात्र हे निमूट खपवून घेतात, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

सगळ्यांत विलक्षण वागणं जुन्या एआरएमचं. जागेला चारने भाग जातो का याची तपासणी बंद असेल तर तो तक्रारच करत नाही. अलीकडच्या चारने भाग जाणाऱ्या जागेवरून चार बाइट उचलतो, ते फिरवतो आणि देतो. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता असा वाचला, तर पहिले दोन बाइट खरे निघतात आणि पुढचे दोन शेजारच्या चेकसमचे! १९२.१६८ बरोबर, पुढे निव्वळ थाप. माझ्या मते त्यापेक्षा कोसळलेलं बरं.

उपाय हसू यावं इतका साधा आहे. बफरच्या आरंभी दोन बाइट मोकळे सोडायचे. १४ आणि दोन मिळून १६, हेडर जागेवर. लिनक्समध्ये या मोकळ्या जागेला ‘नेट आयपी अलाइन’ असं नावही आहे. पण सुटकेचा नि:श्वास टाकू नका. व्हीएक्सलॅनसारख्या बोगद्यात पॅकेटच्या पोटात दुसरं इथरनेट पॅकेट असतं. बाहेरचं हेडर नीट बसलं, तरी आतले १४ बाइट पुन्हा घडी विस्कटतात. साधी रहदारी सुरळीत चालू असते आणि बोगदा उघडला, की यंत्र आडवं.

असा क्रॅश हाती आला, तर आधी ज्या जागी वाचन अडलं तिच्या हेक्साडेसिमल पत्त्याचा शेवटचा अंक पाहा. चार बाइटच्या वाचनाला तो ०, ४, ८ किंवा सी हवा. २, ६, ए किंवा ई दिसला, तर सगळ्यात आधी त्या १४ बाइटांवर संशय घ्या.