याकिमा कॅनट: घोड्यावरून पडण्याचा उस्ताद

'स्टेजकोच'ने (१९३९) जॉन वेनला मोठा स्टार केलं, पण त्याची खरी तालीम झाली ती १९३३ ते १९३५ दरम्यानच्या लोन स्टार कंपनीच्या वेस्टर्नपटांत. जेमतेम तासाभराचे सिनेमे, हाताशी पैसा नाही, मोजक्या दिवसांत शूटिंग उरकायचं. यांतल्या कितीतरी सिनेमांत खलनायक म्हणून दिसणारा आणि वेनच्या जागी घोड्यावरून झेपावणारा माणूस एकच: याकिमा कॅनट, रोडिओचा माजी विजेता.

पडद्यावरच्या मारामारीची रीतच या दोघांनी बदलली. कॅमेरा अशा कोनात लावायचा की चेहऱ्याजवळून हवेत गेलेला ठोसा थेट जबड्यावर बसल्यासारखा दिसावा! 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांमधून खाली पडून, गाडी अंगावरून जाऊ देणारा हल्लेखोरही कॅनटच. (तो प्रसंग बघताना आजही माझा श्वास अडकतो.) पुढे 'बेन-हर'मधली (१९५९) रथांची शर्यत बसवण्यातही त्याचा मोठा वाटा होता. स्टंटकलेसाठी त्याला मानद ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्यच झालं.

लोन स्टारचे बरेच सिनेमे यूट्यूबवर आहेत. सुरुवात 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'पासून (१९३३) करा आणि कसा वाटला ते नक्की कळवा.