कोंडलेल्या द्रवाचें सामर्थ्य

नांदेडच्या परिसरांत कापूस हें जुनें पीक आहे. तेथील संशोधन केंद्रानें १९८४ सालीं प्रसृत केलेला ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण दूरवर पेरला गेला. वेचणीनंतर जिनिंगमध्यें सरकी वेगळी होते आणि हलकी, फुगीर रुई उरते. तिची १७० किलोंची घट्ट गासडी बांधावयाची, तर प्रचंड जोर हवा. हा जोर हायड्रॉलिक प्रेस कोठून आणतो, असा प्रश्न आम्हांस पडणें साहजिक आहे.

त्याचें उत्तर ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच पंडितानें दिलें. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला, म्हणजे तो कमी न होतां सर्व दिशांस सारखाच पसरतो. याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें.

आपण अशी कल्पना करूं कीं, तेलानें भरलेलीं दोन नळकांडीं एका नळीनें जोडलेलीं आहेत. लहान दट्ट्याचें क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे, मोठ्याचें १०००. लहानावर २० किलो वजन ठेवलें, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ किलोंचा दाब पडतो. तोच दाब मोठ्या दट्ट्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडून तेथें २००० किलोंचा भार तोलला जातो. परंतु सृष्टि फुकट कांहींच देत नाहीं! लहान दट्ट्या १०० सेंटिमीटर खालीं जाईल, तेव्हां मोठा अवघा १ सेंटिमीटर वर चढेल.

मोटारगाडीचा ब्रेकही याच कुळांतला. नांदेडहून लातूरकडे जातांना एखादें जनावर आडवें आलें, तर चालकाच्या पायाचा दाब नळ्यांतील तेलाच्या द्वारें चारही चाकांशीं एकदम पोंचतो. मात्र तेलांत हवा शिरली, तर पायाचा जोर ती हवा आवळण्यांतच खर्ची पडतो; नळी गळूं लागली, तर दाबच टिकत नाहीं. मग गाडी थांबावी कशी?

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, ब्रेक पायाखालीं मऊ लागूं लागला, अथवा त्याचें तेल वरचेवर उतरूं लागलें, तर ‘उद्यां पाहूं’ असें म्हणूं नये. आणि विद्यार्थिबंधूंनो, पास्कलच्या नियमांतील ‘बंद’ हा एक शब्द परीक्षेंत गाळला, तर गुण जातात. रस्त्यावर गाळला, तर प्राण जातात.