तिघांची मैफल

परवा किला गेटापाशी एका स्नेह्यांच्या माडीवर आम्ही आठ-दहा मंडळी जमलो होतो. निमित्त गाण्याचे, मात्र गवई हजर नव्हता. स्नेह्यांच्या चिरंजीवांनी एक ध्वनिमुद्रण ऐकवण्याचा घाट घातला होता. 27 नोव्हेंबर 1989 रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेली जॅझची मैफल! गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, बासवर काई एकहार्ट आणि तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू. पलीकडे हजिऱ्याला तानसेनाची कबर, आणि आम्ही हे ऐकायला बसलेलो. दोघे-तिघे वृद्ध तर केवळ चहाच्या भिडेने थांबले असावेत.

त्रिलोक हे शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, हे कळल्यावर मात्र मंडळी सावरून बसली. शोभाताई बेळगावच्या, आणि ठुमरी हे त्यांचे राज्य. आमच्या भय्या गणपतरावांनी हार्मोनियमवर ठुमरी खुलवली, तेव्हा ठुमरीवाल्यांचा मुलगा म्हणजे ग्वाल्हेरला परका नव्हे.

जॅझमध्ये धुनेखाली ठरावीक स्वरसंगतींचे चक्र फिरत असते आणि वादक त्यावर उपज करतो. 1960 च्या सुमारास अमेरिकेत ऑर्नेट कोलमन, डॉन चेरी प्रभृतींनी ते चक्रच काढून टाकले. पुढे याच चेरींबरोबर त्रिलोक वाजवीत असत. लंडनची त्रयी तितकी निर्बंध नव्हे. धुना ठरलेल्या, मात्राही मोजलेल्या. पण एक गोष्ट कानांना लगेच जाणवली. तिघांत साथीदार असा कोणीच नव्हता. गिटारने प्रश्न टाकावा, तालाने तो उलटवून विचारावा, बासने मध्येच तिसराच रस्ता दाखवावा, आणि बाकीच्या दोघांनी मुकाट त्या रस्त्याला लागावे!

मध्ये एक नाद असा आला की सुरू होताहोता खाली घसरला, जणू मींडच. हे कोणते वाद्य? चिरंजीव म्हणाले, "बादली." त्रिलोक जमिनीवर बसून ड्रम वाजवतात आणि शेजारी पाण्याची बादली ठेवतात. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा स्वर उतरतो. एका वृद्धांनी विचारले, "हे सगळे ठीक, पण सम कुठे गेली?" सगळे हसले. मला हसू आले नाही.

चाळीस वर्षांमागे इथल्याच एका गणेशोत्सवात मी गायलो होतो. तबल्याला आमच्या गल्लीतले अण्णा; वयाने मोठे, हाताने माझ्याहून कितीतरी तयार. ख्याल तिलवाड्यात. दोन आवर्तनांमध्ये त्यांनी एक लहानसा तुकडा घातला, सुंदरच होता. श्रोत्यांनी त्यांना दाद दिली, आणि मी भर मैफलीत म्हणालो, "ठेका धरा, बस." शास्त्राने माझे म्हणणे खोटे नव्हते. विलंबित ख्यालात आमच्या गायकीला ठेका साधा, सरळच हवा. गवयाला लयीशी खेळायला मोकळे अंगण लागते. परंतु मी ते शास्त्रासाठी बोललो नव्हतो. दाद माझी होती, ती दुसऱ्याकडे गेली होती. अण्णांनी उरलेल्या गाण्यात एकही जादा बोल वाजवला नाही. त्यानंतर त्यांनी मला कधी साथ केली नाही, आणि मीही कधी बोलावले नाही.

माडीवरून उतरलो तो तसाच त्यांच्या दारी गेलो. अण्णा आता जिना उतरत नाहीत. मी त्या तिघांची हकीकत सांगितली, बादलीचीही. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"ठेका कोण धरीत होता?"

"तिघेही. कधी कोणीच नाही."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कोनाड्याकडे बोट करून म्हणाले, "ती हातोडी दे जरा इकडे. आणि तुझा स्वर अजून काळी एकच ना?"