शौर्याची कसोटी

शौर्याच्या कथा मुलांस सांगणें सोपें. त्या कथांतील शौर्याचें माप कसें घ्यावें, हें सांगणें कठीण. आम्हां रहाटणीकरांस या प्रश्नासाठीं दूर जावें लागत नाहीं. काळेवाडीकडून पवना ओलांडली कीं चिंचवडगांव लागतें. मोरया गोसावींच्या समाधीमुळें तें क्षेत्र झालें, आणि कीर्तनकार हरि विनायक चापेकर यांच्या तीन पुत्रांमुळें तें इतिहासांत गेलें.

सन १८९७ च्या फेब्रुवारींत सरकारनें साथरोगांचा कायदा केला. कलमें अवघीं चार. परंतु त्यांनीं दिलेला अधिकार विलक्षण. पुण्यांत रँड हा प्लेगसमितीचा अध्यक्ष झाला, आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊं लागल्या. साथ खोटी नव्हती. माणसें खरोखरच मरत होतीं, आणि रोगी निराळे ठेवण्याचा हेतूहि अयोग्य नव्हता. परंतु शिपाई स्वयंपाकघरांत शिरले, देवघरांत शिरले, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाली, सामान जाळलें गेलें, अशा तक्रारी उठल्या. आणि त्यांची दाद लागेना. शिवाय हा रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यानें दाखविलें तें १८९८ सालीं. म्हणजे अधिकाऱ्यांची जितकी खात्री होती, तितकें त्यांचें ज्ञान नव्हतें.

व्यक्तिस्वातंत्र्याची कल्पना आपण इंग्रजी ग्रंथांतून घेतली, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु सोवळ्याच्या चुलीजवळ शिपायाचे बूट पाहणाऱ्या गृहिणीला त्या शब्दाचा अर्थ कोणी शिकवावा लागला नाहीं.

ता. २२ जून १८९७ रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ गणेशखिंडींत झाला. तेथून परततांना रात्रीं दामोदरपंतांनीं रँडवर आणि बाळकृष्णपंतांनीं लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड ३ जुलैस वारला. दामोदरपंतांस १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास फांशी झाली. खबर देणाऱ्या द्रविड बंधूंस फेब्रुवारी १८९९ मध्यें मारणारे वासुदेव चापेकर व महादेव रानडे, आणि त्यांच्याबरोबर बाळकृष्णपंत, असे तिघे त्याच वर्षींच्या मे महिन्यांत फांशी गेले. एका घरांतील तीन पुत्र सुमारें तेरा महिन्यांत गेले! त्यांच्या निर्भयतेविषयीं शंका घेणें हा कृतघ्नपणा होईल.

तथापि वंदन केल्यानें विचाराची जबाबदारी संपत नाहीं. धर्मयुद्धाचे नियम आपल्याच पूर्वजांनीं घालून दिले. बेसावध शत्रूवर घाव घालूं नये, हा त्यांतील एक. म्हणूनच सौप्तिकपर्वांतील अश्वत्थामा पराक्रमी असूनहि वीर म्हणून गणला गेला नाहीं. यावर कोणी म्हणेल, १८७८ च्या कायद्यानें ज्यांचीं शस्त्रें काढून घेतलीं, त्यांनीं समोरासमोर लढावें तरी कसें? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास सोपें उत्तर नाहीं. परंतु समितीचा अध्यक्ष रँड होता, आयर्स्ट नव्हता, हेंहि तितकेंच खरें. श्रद्धेविषयींहि असेंच. दामोदरपंतांनीं तुरुंगांत लिहिलेल्या आत्मवृत्तांत जशी स्वधर्माची तळमळ आहे, तसाच सुधारकांविषयींचा कडवा रागहि आहे. स्वतःच्या देवघराचें स्वातंत्र्य मागणाऱ्यास दुसऱ्याच्या मताचें स्वातंत्र्यहि मानावें लागतें. एरवीं तें मागणें अर्धेंच राहतें.

त्याच वर्षानें शौर्याचे आणखी दोन नमुने दाखविले. सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं देह ठेवला. त्यांच्या हातीं शस्त्र नव्हतें, आणि शत्रु तर डोळ्यांस दिसतहि नव्हता. दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. विलायतेंत असतां पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें त्यांनीं शिपायांवर स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप केला. परत आल्यावर तो सिद्ध करतां येईना, तेव्हां त्यांनीं जाहीर क्षमा मागितली. मात्र पत्रें लिहिणाऱ्यांचीं नांवें उघड केलीं नाहींत. लोकांनीं त्यांस भ्याड म्हटलें. भ्याड मनुष्य आपल्याच माणसांचा रोष असा ओढवून घेत नाहीं.

गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते, आणि पुढच्याच श्लोकांत अहिंसा, सत्य व अक्रोध येतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे. अभयावांचून सत्य बोलवत नाहीं, आणि सत्यावांचून अभय आंधळें होतें.

१८९७ चा तो कायदा २०२० च्या साथींत पुन्हां उपयोगांत आला. बंदी आवश्यक असली तरी तिची मर्यादा विचारण्याचा हक्क नागरिकाचाच असतो. तो हक्क विचारण्यास पिस्तूल लागत नाहीं. अर्ज, साक्ष, वर्तमानपत्र आणि मतपेटी हीं साधनें आतां आपल्या हातीं आहेत. चापेकरांच्या पिढीस यांतलीं बहुतेक पुरतीं मिळालीं नव्हतीं. म्हणून चिंचवडच्या स्मारकाकडे मुलांस अवश्य न्यावें, पण तेथें सावित्रीबाईंचें व गोखल्यांचेंहि नांव घ्यावें. मग मुलांस विचारावें, "या तिघांपैकीं तुमच्या अंगीं कोणतें धैर्य यावें?" उत्तर लगेच मिळालें नाहीं तरी चालेल. प्रश्न मनांत राहिला म्हणजे पुरे.