खुर्ची गव्हर्नरची, वावर जुन्नरचे
(विधिमंडळाची वाट : भाग 4)

विधानसभेच्या अध्यक्षपदाचे कौतुक आंबेगावकरांना नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर 2009 पासून 2014 पर्यंत इथलेच आमदार दिलीप वळसे-पाटील त्या खुर्चीत होते. पण एकोणिसाव्या शतकात तिथे कोण बसे? खुद्द गव्हर्नर. सरकारचा प्रमुख तोच, सभेचा अध्यक्षही तोच, आणि बिनसरकारी सभासद नेमणाराही तोच!

मुंबई कौन्सिलची, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळाची, पहिली बैठक 22 जानेवारी 1862 रोजी टाउन हॉलमध्ये भरली. एतद्देशीय सभासद चार: जगन्नाथ शंकरशेट, रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय, सावनूरचे नवाब आणि विंचूरचे सरदार माधवराव विठ्ठल विंचूरकर. दोन शेटिये, एक नवाब, एक सरदार. यांतले नाना शंकरशेट जुन्नरला त्यातल्या त्यात जवळचे. घराणे मूळ मुरबाडचे, म्हणजे नाणेघाट उतरला की त्यांचा मुलूख. पण घाटावरच्या किंवा घाटाखालच्या कोणी त्यांना पाठवलेले नव्हते. समोर आलेल्या कायद्यावर बोलावे, इतकाच सभासदांचा अधिकार. प्रश्न विचारायची सोय नाही, अंदाजपत्रकावर चर्चा नाही.

त्याच ब्रिटिश साम्राज्यात, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, 1867 साली 82 सभासद मतदानाने निवडून आले. सँडफील्ड मॅकडोनाल्ड तिथले पहिले पंतप्रधान. अध्यक्षाच्या खुर्चीत जॉन स्टीव्हन्सन, सभागृहातलेच एक सभासद. मताचा हक्क मालमत्ता असलेल्या पुरुषांपुरताच होता, हे खरे. आपल्याकडे तेवढाही नव्हता.

मग जुन्नरच्या कुळांनी काय करावे? 1880 च्या दशकात त्यांनी सरळ नांगर खाली ठेवला. खंड कमी होईपर्यंत सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायच्या नाहीत, असे ठरले आणि वावरे पडीक राहिली. या भागात, विशेषतः ओतूरला, सत्यशोधकांचे बळ होते आणि जोतीराव फुल्यांचा पाठिंबा होता. माझ्या मते त्या दशकातले या तालुक्याचे सर्वांत परिणामकारक भाषण हेच. कौन्सिलच्या इतिवृत्तात मात्र ते शोधू नये.

1892 च्या कायद्याने दार थोडे किलकिले केले. नगरपालिका, लोकल बोर्डे यांनी नावे सुचवायची आणि नेमणूक गव्हर्नरने करायची. ‘निवडणूक’ हा शब्द कायद्याने शिताफीने टाळला, लोकांनी मात्र तोच रूढ केला. प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले. त्यावर मत देता येत नव्हते. 1895 मध्ये मध्य विभागाच्या लोकल बोर्डांतर्फे टिळक कौन्सिलात गेले. 1897 मध्ये पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले. गोखले आले 1899 मध्ये. सभागृहनेता, विरोधी पक्षनेता अशी पदे तेव्हा नव्हतीच. पण बिनसरकारी बाकांवरचा नेता कोण म्हणाल, तर फिरोजशहा मेहता.

मेहतांचा तो मान दिसला 1901 मध्ये. थकलेल्या सार्‍यापायी जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेऊन, असे बिल सरकारने आणले. सावकारापासून शेतकरी वाचावा म्हणून, हे सरकारचे म्हणणे. शेतकऱ्याची पत बुडेल आणि सरकारच जमिनीचे मालक होऊन बसेल, हे विरोधकांचे म्हणणे. मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी उठून बाहेर पडले. बिल अर्थातच पास झाले. दोन्ही बाजूंनी वकिली चालली होती ती कुणब्याची, आणि कुणबी तेवढा सभागृहात नव्हता!

गव्हर्नर त्या खुर्चीवरून उठले थेट 1921 मध्ये. तिथे बसले सर नारायण चंदावरकर, पण तेही सरकारनेच नेमलेले. 1937 मध्ये मुंबई विधानसभेने गणेश वासुदेव मावळंकरांना आपला अध्यक्ष निवडले. ती हकिगत पुढच्या आठवड्यात.